राजाच नाचायचा तेव्हा : बॅलेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात बॅलेवर दोन पानं छापली होती, त्यात एक ओळ अशी होती की बॅले हा प्रकार फ्रान्सच्या राजदरबारात वाढला आणि तिथले राजे स्वतः त्यात नाचायचे. बस्स, त्या एका ओळीवर इतके मेल आणि मेसेज आलेत की या महिन्याचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं नेहमीसारखी गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (कोल्हापूर) : बॅले मूळचा फ्रान्सचा की इटलीचा? मुलगा म्हणतो इटली, मी म्हणते फ्रान्स. घरात पैज लागलीय.

ताई, पैजेचे पैसे निम्मे निम्मे वाटून घ्या. सुरुवात इटलीतच झाली. १५व्या शतकात तिथल्या ड्यूक लोकांच्या दरबारात लग्न, तह, बडा पाहुणा, काहीही निमित्त मिळालं की दणक्यात मेजवानी व्हायची आणि मेजवानी म्हटली की त्यात नाच आलाच. १४८९ मध्ये तोर्तोना गावात मिलानच्या तरुण ड्यूकच्या लग्नाची जी मेजवानी झाली तिच्यात ताटं वाढायला नोकर नाही तर ग्रीक-रोमन पुराणातली पात्रं येत होती, नाचत गात, ग्रीक कथांमधला वीर जेसन तर त्याची ती सोनेरी लोकर घेऊन हजर. आणि नाच शिकवणारे मास्तर लोक तिथे चांगले मानाने राहायचे, दोमेनिको दा पिआचेन्झा, त्याचा शिष्य गुलिएल्मो एब्रेओ, हे नुसते शिकवत नव्हते, नाचावर पुस्तकं लिहून ठेवत होते.

मग १५३३ मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातली कॅथरीन फ्रान्सच्या राजाची सून झाली. वय १४, नवरा पण १४. थोरला दीर वारला म्हणून नवरा गादीवर आला, आणि १५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात भाल्याची कपची डोळ्यात घुसून तो पण गेला. मागे लहान मुलं, जी पुढे एकामागोमाग एक राजे होणार होती, आणि १५६२ पासून कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट असं गृहयुद्ध पेटलेलं. अशा वेळी ही बाई काय करते तर एकमेकांच्या जिवावर उठलेल्या सरदारांना एका हॉलमध्ये आणते, पोशाख चढवायला लावते आणि एका तालावर पावलं टाकायला लावते. माहेरची हौस होतीच पण त्याहून जास्त हे राजकारण होतं.

ते दर वेळी जमलं असं मात्र नाही हां. ऑगस्ट १५७२ मध्ये तिच्या मुलीचं, मार्गरीतचं, लग्न प्रोटेस्टंट राजपुत्र आंरीशी लावलं, हेतू हा की दोन्ही बाजूंचं जुळावं. त्या समारंभात एक नाचनाट्य झालं त्यात राजा आणि त्याचे भाऊ स्वर्गाचे रखवालदार, आणि नवरदेव आणि त्याचे प्रोटेस्टंट साथीदार त्या स्वर्गावर हल्ला करतात आणि नरकात ढकलले जातात. स्वतःच्या लग्नात! आणि लगेच काही दिवसांत, २४ ऑगस्टला, पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल सुरू झाली. आधीच ठरवून हे नाटक रचलं होतं असं म्हणायला पुरावा नाही, पण वाचताना काटा येतो हे खरं.

तर बीज इटलीचं आणि पीक फ्रान्सचं.

प्रश्न (पुणे) : १५८१ चा कुठला तरी बॅले 'जगातला पहिला' म्हणून सांगतात. तो साडेपाच तास चालला म्हणे! एवढा वेळ लोक बघत काय होते?

बघण्यासारखं पुष्कळ होतं हो. हा म्हणजे 'बॅले कोमीक द ला रेन', म्हणजे राणीचा बॅले. १५ ऑक्टोबर १५८१, पॅरिसमध्ये लूव्हर राजवाड्याच्या शेजारचा पेती-बुर्बोंचा मोठा हॉल, रात्री १०च्या सुमाराला सुरू झाला आणि पहाटे साडेतीनला संपला. निमित्त राजा तिसरा आंरी (कॅथरीनचा मुलगा, वरचा प्रोटेस्टंट आंरी वेगळा) याच्या लाडक्या सरदाराचं, ज्वायूझच्या ड्यूकचं, राणी लुईझच्या बहिणीशी लग्न. (या ड्यूकचं पहिलं नाव आन. बायकांचं हे नाव फ्रेंचांत तेव्हा पुरुषांचंही असायचं, म्हणून जुने कागद वाचताना दोन्हीकडे नवरीच असल्यासारखं वाटतं.) बसवला कुणी, तर बाल्ताझार द बोज्वायो या माणसाने. नाव फ्रेंच केलेलं, माणूस मूळचा इटालियन, व्हायोलिन वाजवणारा, कॅथरीनच्या पदरी होता.

हॉलची मांडणी अशी डोळ्यासमोर आणा. स्टेज नाहीच. एका टोकाला राजा आणि त्याची आई कॅथरीन बसलेले, समोरच्या टोकाला जादूगारीण सर्सीचा बाग आणि महाल, एका अंगाला 'पान' नावाच्या वनदेवाचं रान, दुसऱ्या अंगाला ढगांनी मढवलेली सोनेरी कमान आणि तिच्या आत वाजवणारे गाणारे लपलेले. मधली जमीन मोकळी, नाच तिथे, आणि तिन्ही बाजूंनी वर सज्जांमध्ये माणसं खच्चून भरलेली. सुरुवातच अशी की सर्सीच्या तावडीतून सुटलेला एक गृहस्थ धावत धावत थेट राजापर्यंत येतो आणि वाचवा म्हणतो. मग सर्सी चवताळून बाहेर येते. मग एक भलंमोठं कारंजं, चाकांवरचं, आत पाणी खेळतंय, आणि त्यावर जलदेवता होऊन बसलेल्या राणी लुईझ आणि दरबारच्या बायका, अंगावर जवाहिर एवढं की मशालींच्या उजेडात डोळे दिपले असणार. त्या उतरून नाचायला लागतात तोच सर्सी येऊन सोन्याची छडी लावते आणि सगळ्या जागच्या जागी पुतळे! मर्क्युरी देव ढगातून उतरून त्यांना सोडवतो, तर ती त्यालाही गोठवते. शेवटी मिनर्व्हा देवी येते, गरुडावर बसून देवांचा राजा ज्युपिटर येतो, सर्सीला धरून आणतात आणि कुणाच्या स्वाधीन करतात, तर खुर्चीत बसलेल्या खऱ्या राजाच्या. म्हणजे देवांनासुद्धा जे जमेना ते राजाच्या पायाशी येऊन मिटलं. देश जळत असताना हे दाखवायला जिगर लागते किंवा मग डोळ्यावर पट्टी लागते, तुम्ही ठरवा.

मग शेवटचा मोठा नाच, त्यात बोज्वायोने स्वतः लिहिलंय की ४० वेगवेगळ्या आकृत्या होत्या, चौकोन, वर्तुळं, त्रिकोण, एक मोडली की लगेच दुसरी तयार. त्या काळच्या नाचात उडी-गिरकीला फार भाव नव्हता, सगळा जीव आकृतीत. आणि बघणारे वरून बघतायत हे लक्षात घ्या, अंगणातली रांगोळी गच्चीवरून बघितली तर जशी पूर्ण दिसते तसं.

नाच संपल्यावर प्रत्येक बाईने एकेका पुरुषाला सोन्याचं पदक दिलं, पदकावर समुद्रातले प्राणी. राणीने नवऱ्याला दिलेल्या पदकावर डॉल्फिन होता. फ्रेंचमध्ये डॉल्फिनला जो शब्द तोच युवराजाला, म्हणजे भर दरबारात राणी सांगतेय की मला मूल होऊ दे. ते काही झालं नाही, १५८९ मध्ये आंरीचा खून झाला आणि त्याचं घराणं तिथेच संपलं. ज्वायूझ तर त्याआधीच १५८७ मध्ये लढाईत मारला गेला होता.

आता 'पहिला' कशाला म्हणायचं हा वादच आहे. १५७३ मध्ये पोलंडचे वकील आले होते तेव्हा कॅथरीनने तुइलरीच्या राजवाड्यामध्ये १६ बायकांचा एक नाच करवला होता, प्रत्येक बाई म्हणजे फ्रान्सचा एक प्रांत, तो पण याच बोज्वायोने बसवला होता. पण १५८१च्या खेळाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कथा होती आणि मुख्य म्हणजे १५८२ मध्ये त्याचं पुस्तक निघालं, चित्रांसकट, गाण्यांच्या सुरावटींसकट. माझं मत विचाराल तर मान त्या पुस्तकाचा आहे. छापलं ते टिकलं.

प्रश्न (मिरज) : राजाने चारचौघांत नाचणं त्या काळी हलकं मानत नव्हते का? मला हे पटत नाही.

काका, उलटं होतं. घोडेस्वारी, तलवारबाजी आणि नाच, हे तिन्ही सरदाराच्या पोराला यायलाच पाहिजे होतं आणि तिन्हीचं मूळ एकच, अंग ताठ, तोल पक्का, पाऊल हुकमात. नाच न येणाऱ्याची काय गत व्हायची ते सें-सिमोंच्या ड्यूकच्या आठवणींत आहे, १६९२ मध्ये एका शाही लग्नाच्या नाचात एक तरुण आधी फुशारकी मारून उतरला, ताल चुकला, ते लपवायला हातवारे करायला गेला तसे लोक आणखीनच हसले, आणि बिचाऱ्याला नंतर बरेच दिवस तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

आणि राजा नाचायचा ते पण नुसती मजा म्हणून नाही. तेरावा लुई घ्या. २९ जानेवारी १६१७, वय १५, 'रनोची सुटका' नावाच्या बॅलेत हा अग्नीचा राक्षस झाला. तेव्हा कारभार सगळा त्याच्या आईच्या मर्जीतल्या कोन्चिनी नावाच्या इटालियन माणसाच्या हातात, आणि या पोराला कुणी विचारत नव्हतं. बॅलेत नायक रनो कोण तर लुईचा जिवलग लुईन. तीन महिने झाले नाहीत तोवर २४ एप्रिलला राजाच्या हुकमावरून कोन्चिनीला लूव्हरच्या दारात गोळ्या घातल्या. पुढे याच लुईने १६३५ मध्ये पक्ष्यांच्या शिकारीवरचा 'मर्लेझों' हा बॅले संगीतासकट जवळजवळ सगळा स्वतः रचला. तसा अबोल, अडखळत बोलणारा माणूस होता तो, पण नाचात खुलायचा.

प्रश्न (ठाणे, इयत्ता नववी) : 'सूर्य राजा' चौदावा लुई खरंच सूर्य बनून नाचला होता का? की नुसतं नाव आहे?

खरंच नाचला होता, आणि तेव्हा तो तुझ्याच वयाचा होता, १४ वर्षांचा.

पण आधी थोडं मागचं ऐक, नाहीतर त्यातली गंमत कळायची नाही. हा राजा झाला चार वर्षांचा असताना. कारभार आई आन आणि मुख्य मंत्री कार्डिनल (म्हणजे चर्चमधला बडा अधिकारी) माझारां यांच्याकडे. १६४८ मध्ये न्यायाधीश, सरदार, पॅरिसचे लोक सगळे उलटले, या बंडाला फ्रोंद म्हणतात. फेब्रुवारी १६५१ मध्ये पॅरिसमध्ये आवई उठली की राणी पोराला घेऊन पळतेय, तसे लोक रात्री राजवाड्यात घुसले, राजा दाखवा म्हणाले. राणीने दारं उघडून दिली. बारा वर्षांचा राजा पलंगावर झोपल्याचं सोंग घेऊन पडलेला आणि अनोळखी माणसं रांगेने येऊन त्याचं तोंड बघून जातायत. ती रात्र तो जन्मभर विसरला नाही असं म्हणतात, आणि कोण विसरेल? त्यानंतर अडीच आठवड्यांनी, २६ फेब्रुवारीला, तो पहिल्यांदा बॅलेत नाचला, 'कासांद्र' नावाच्या.

बंड मोडलं. ३ फेब्रुवारी १६५३ ला माझारां पॅरिसमध्ये परत आला आणि २३ फेब्रुवारीला त्याच पेती-बुर्बोंमध्ये 'बॅले द ला न्वी', म्हणजे रात्रीचा बॅले. शब्द बेंसरादचे, यंत्रं आणि देखावे तोरेल्लीचे. चार भाग, रात्रीच्या चार प्रहरांसारखे, आणि एकूण ४३ प्रवेश. पहिल्या प्रहरात संध्याकाळचं शहर, शिकारी, दुकानं बंद करणारे लोक, जिप्सी, चोर, दिवे लावणारे, आणि भिकाऱ्यांची वस्ती, जिथे दिवसभर लंगडणारे रात्री घरी आले की टुणटुणीत होऊन नाचायला लागतात (मला हा प्रवेश सगळ्यात आवडतो). दुसऱ्यात करमणुकी. तिसऱ्यात चंद्रदेवी, चेटकिणींचा मेळा, आग लागलेलं घर आणि त्यातून अर्धे कपडे घालून पळणारी माणसं. चौथ्यात झोप, स्वप्नं, खोटी नाणी पाडणारे, पहाटेचे लोहार.

लुई मधेमधे पाचसहा छोट्या भूमिकांत येऊन गेलाच होता. शेवटी उषा येते, त्याचा धाकटा भाऊ फिलिप पहाटेचा तारा होऊन येतो, आणि मग हा, उगवता सूर्य, डोक्यापासून बुटांच्या फितीपर्यंत सोनेरी, डोक्यावर किरणांचा मुकुट, गुडघ्यांवर आणि बुटांवर पण किरणं. मागून मान, प्रेम, शौर्य, विजय, कीर्ती, शांती असे सगळे गुण सेवेला. म्हणजे रात्र = फ्रोंद, आणि चोर भिकारी भुतं सगळी पळाली कुणामुळे ते सांगायलाच नको. त्या पोशाखाचं रंगवलेलं चित्र अजून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, नेटवर सहज मिळेल, बघ.

त्याच खेळात २० वर्षांचा एक इटालियन पोरगा पण नाचत होता, लुली. महिन्याभरात तो राजाचा वाद्यसंगीतकार झाला. त्याच्याबद्दल खाली येतंय.

प्रश्न (नागपूर) : बॅलेच्या पाच पोझिशन्स चौदाव्या लुईने ठरवल्या असं आमच्या क्लासमध्ये सांगितलं. बरोबर आहे का?

पोझिशन्स म्हणजे पाय ठेवायच्या ठरलेल्या पाच रीती. त्या ठरवल्या त्याने नाही, त्याच्या मास्तरने. पिएर बोशां. हा राजाला वर्षानुवर्षं शिकवत होता. पाच पोझिशन्सचं श्रेय याला दिलं जातं ते १७२५ मध्ये पिएर रामो नावाच्या नृत्यशिक्षकाने पुस्तकात तसं लिहिलं म्हणून, बोशांने स्वतः लिहिलेलं काही आपल्या हातात नाही.

राजाने काय केलं, तर अकादमी काढली. मार्च १६६१, माझारां नुकताच वारलेला, लुई २२ वर्षांचा आणि आता कारभार मीच बघणार असं म्हणून बसलेला, आणि अगदी सुरुवातीच्या हुकमांत नाचाची शाही अकादमी. १३ मास्तर नेमले. सनदेत म्हटलंय त्याचा मतलब असा की नाच अंगाला वळण लावतो, शस्त्रं चालवायला तयार करतो, तेव्हा युद्धात आणि शांततेत दोन्हीकडे सरदारांच्या कामाचा आहे, पण युद्धांच्या काळात त्यात भेसळ झाली, ती साफ करायला पाहिजे.

पण खरी गंमत वेगळीच आहे. तोवर पॅरिसमध्ये नाच शिकवायचा तर वाजवणाऱ्यांच्या संघात असणं भाग होतं, कारण मास्तर म्हटला की त्याच्या हातात व्हायोलिन असायचंच. मध्ययुगापासूनचा संघ, त्याच्या प्रमुखाला चक्क 'व्हायोलिनवाल्यांचा राजा' म्हणायचे. या तेरा जणांना राजाने त्या संघातून मोकळं केलं. झालं, संघवाले भडकले, १६६४ मध्ये त्यांच्या या 'राजाने', द्युमान्वारने, पुस्तिका काढली की संगीत आणि नाच हे नवराबायको आहेत, त्यांची ताटातूट कसली करता! वाद शेवटी फीचा होता, हे जाणकारांना सांगायला नको. पण त्यातून नाच हा स्वतःच्या पायावर उभा असलेला विषय झाला, हे मात्र खरं.

अकादमीने प्रत्यक्षात फार काही केलं असं दिसत नाही. काम झालं ते नाचणाऱ्यांमध्ये आणि पुढे ऑपेरात. पण हालचालींची नावं तेव्हाच्या फ्रेंच मास्तरांच्या तोंडची रूढ झाली म्हणून आज जपानमध्ये क्लास लावा नाहीतर अंधेरीत, प्लिए (गुडघे वाकवणं) आणि जते (एका पायावरून दुसऱ्यावर उडी) फ्रेंचमध्येच ऐकायला मिळतं.

आणि पाय बाहेरच्या बाजूला वळवायचं काय, असं पण विचारलंय. १६४१ मध्ये तेराव्या लुईचा मंत्री कार्डिनल रिशल्यू याने स्वतःच्या वाड्यात इटालियन पद्धतीचं, पडदा आणि चौकटवालं थिएटर बांधलं. प्रेक्षक वरून बघत होते ते समोर आले. आकृत्यांची मजा कमी झाली, नाचणाऱ्याचं अंग समोरून कसं दिसतं हे महत्त्वाचं झालं. तलवारबाजीत पाय थोडा बाहेर वळवतातच, शिवाय दरबारी माणसाला रेशमी मोज्यातली पोटरी दाखवायची हौस, आणि वळवलेल्या पायाने तोंड प्रेक्षकांकडे ठेवून आडवं सरकता येतं. हे सगळं मिळून झालंय, कुणा एकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. तेव्हाचं वळवणं आजच्यासारखं पूर्ण सरळ रेषेत पण नव्हतं, निम्मंच असायचं.

प्रश्न (डोंबिवली) : माझा मुलगा बॅले शिकतो. सासरचे लोक 'हे मुलींचं' म्हणून टोमणे मारतात. काय उत्तर देऊ?

ताई, त्यांना हे सदर वाचायला द्या. दरबारी बॅलेत राणी आणि राजघराण्यातल्या बायका नाचायच्या, ते वर आलंच, पण मोठा भाग पुरुषांचा, आणि बायकांच्या भूमिकाही बरेचदा पुरुषच करायचे, तोंडावर मुखवटा घालून. पॅरिसच्या ऑपेरात तर सुरुवातीला पैसे घेऊन नाचणारी बाई नव्हतीच. जानेवारी १६८१ मध्ये लुलीचा 'प्रेमाचा विजय' हा बॅले सां-जर्मांच्या राजवाड्यात झाला तेव्हा त्यात युवराजाची बायको आणि इतर राजघराण्यातल्या मुली नाचल्या. तोच खेळ मे महिन्यात पॅरिसच्या ऑपेरात लागला, तिथे राजकन्या कुठून आणणार, म्हणून चार व्यावसायिक बायका उतरवल्या. त्यातली पुढची माद्म्वाझेल द ला फोंतेन, तिला पहिली व्यावसायिक बॅलेरिना म्हणतात. म्हणजे १५८१ पासून धरलं तरी पूर्ण शंभर वर्षं गेली.

पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहणं आणि तो पांढरा फुगीर झगा, जे बघून सासरचे बोलतात, ते खूप नंतरचं, १८३२च्या आसपासचं, मारी टाल्योनीच्या काळातलं. लुईच्या वेळी सगळे टाचेच्या बुटांत नाचायचे आणि गुडघ्यापर्यंतचा कडक घेरदार घागऱ्यासारखा पोशाख असायचा तो पुरुषांना.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : फ्रेंच नाटककार मोलिएरची नाटकं आम्हाला अभ्यासाला होती. त्यांत मधेच नाच का येतो हे सरांनाही सांगता आलं नव्हतं.

अडचणीतून आलाय तो. १७ ऑगस्ट १६६१, अर्थमंत्री फुकेने आपल्या व्हो-ल-व्हिकोंतच्या नव्या कोऱ्या वाड्यात राजाला मेजवानी दिली. एक नाटक आणि एक बॅले असा बेत होता. पण चांगले नाचणारे मोजकेच, त्यांना पोशाख बदलायला वेळ पाहिजे, म्हणून बॅलेचे तुकडे करून नाटकाच्या अंकांच्या मधे टाकायचे ठरले, आणि धागा तुटू नये म्हणून ते कथेलाच जोडले. हे मोलिएरने स्वतः प्रस्तावनेत लिहिलंय, आणि सगळं १५ दिवसांत उरकलं हे पण. नाटकाचं नाव 'ले फाशो', म्हणजे पिडणारी माणसं. नाच बोशांचा, संगीतही बहुतेक त्याचंच. राजाला आवडलं आणि तिथून विनोदी नाटक अधिक बॅले हा प्रकारच सुरू झाला. १६७० मधल्या 'बुर्झ्वा जांतियोम' मध्ये तर नाचाचा मास्तर, गाण्याचा मास्तर आणि तलवारीचा मास्तर माझीच कला थोर म्हणून हाणामारीवर येतात, वर सांगितलेल्या संघाच्या भांडणानंतर ते वाचून बघा, जास्त हसू येईल.

फुकेचं काय झालं? एवढा थाट कुठल्या पैशातून, हा प्रश्न राजाच्या डोक्यात आधीपासूनच होता. ५ सप्टेंबरला अटक, करणारा द'आर्तान्यां, हो तोच, 'थ्री मस्केटिअर्स' कादंबरीतला, पण खरा. फुके तुरुंगातच मेला.

प्रश्न (नाशिक) : मग राजाने नाचणं सोडलं का? आणि लुली पायाला काठी लागून मेला हे खरं का?

फेब्रुवारी १६७० मध्ये 'लेझामां मान्यिफीक' या खेळाच्या छापील पुस्तिकेत समुद्रदेव नेपच्यून आणि सूर्यदेव अपोलो म्हणून राजाचं नाव आहे, त्यानंतर तो स्टेजवर दिसत नाही. वय ३१. गोष्ट अशी सांगतात की डिसेंबर १६६९ मध्ये आलेल्या रासीनच्या नाटकात रोमचा नीरो लोकांसमोर करमणूक करत फिरतो यावरून त्याला टोमणा आहे, तो लुईला झोंबला. मला हे कावळा बसायला आणि फांदी मोडायला असं वाटतं. माणूस तिशी ओलांडलेला, नाच दिवसेंदिवस अवघड होत चाललेला, शेजारी बोशांसारखे पट्टीचे लोक, आणि आता सूर्य आहे हे पटवून द्यायची गरज तरी कुठे उरली होती?

त्याने सोडलं तशी दरबाराची हौस पण ओसरली आणि नाच पगारी लोकांकडे गेला. १६७२ मध्ये ऑपेराचा परवाना लुलीने मिळवला, आधीचा परवानेवाला पेरँ कर्जापायी तुरुंगात होता, त्याच्याकडून विकत घेऊन. बोशां तिथला नृत्यप्रमुख झाला. लुली म्हणजे फ्लॉरेन्सच्या पिठाच्या गिरणीवाल्याचा पोरगा, १३ वर्षांचा असताना एका राजकन्येला इटालियन बोलायची सवय व्हावी म्हणून आणलेला. हुशार तर होताच, पण दुसऱ्या कुणाला डोकं वर काढू द्यायचं नाही ही त्याची खरी कला, इतर थिएटरांनी किती वाजवणारे ठेवायचे यावर पण त्याने हुकूम आणून बंदी घातली.

मरणाची गोष्ट खरी. राजा ऑपरेशनमधून बरा झाला म्हणून जानेवारी १६८७ मध्ये चर्चमध्ये आभाराचं संगीत, ताल द्यायला जड काठी जमिनीवर आपटायची पद्धत, ती पायाच्या बोटावर बसली. जखम चिघळली, पाय कापायला तो तयार झाला नाही, २२ मार्चला गेला.

प्रश्न (फोंडा, गोवा) : या सगळ्यात भारत कुठे येतो का?

सोंगापुरता. जून १६६२ मध्ये पॅरिसला घोड्यांचा मोठा सोहळा झाला, पाच पथकं, राजा रोमन, भाऊ फिलिप इराणी, कोंदे हा बडा सरदार तुर्क, त्याचा मुलगा 'भारतीय' पथकाचा म्होरक्या, पाचवं अमेरिकेचं. पिसं आणि हिरे लावले की झाला भारतीय. खऱ्या भारतीय नर्तकी पॅरिसला पोचल्या त्या थेट १८३८ मध्ये, पुद्दुचेरीच्या बाजूच्या देवदासी.

प्रश्न (सोलापूर) : तेव्हा कॅमेरा नव्हता, मग कोण कसं नाचायचं हे आज कशावरून सांगतात?

दोन गोष्टींवरून. एक म्हणजे १५८८-८९ च्या सुमाराला लांग्र गावच्या एका वयस्कर पाद्र्याने, त्वानो आर्बो या नावाने, गुरुशिष्यांच्या संवादातून नाचाचं पुस्तक लिहिलं, स्वरांच्या शेजारी पावलं लिहून. शिष्य वकिली शिकून आलेला, त्याला नाच येत नाही म्हणून लोकांत वावरायची अडचण! पण ते नाच लग्नकार्यातले, राजाच्या खेळातले नव्हेत.

दुसरी जास्त कामाची. राजाने बोशांला सांगितलं होतं की नाच कागदावर उतरवायची रीत शोध. त्याने शोधली पण छापली नाही. १७०० मध्ये राउल-ओजे फ्योये याने पुस्तक काढलं, त्यात खोलीचा नकाशा, त्यावर नाचणाऱ्याचा मार्ग रेघेने, रेघेला छोट्या खुणा, इथे गुडघा वाकवा, इथे उठा, इथे उडी, इथे घसरा, वर गाण्याची ओळ. एकदम चाललं ते, इंग्लंड जर्मनीत भाषांतरं झाली, आणि या लिपीत लिहिलेले तीनशेहून जास्त नाच आज हातात आहेत, त्यावरून लोक बसवतात आणि करतात. रात्रीच्या बॅलेची किंवा सर्सीच्या त्या ४० आकृत्यांची पावलं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत, तिथे पुस्तिका, सुरावटी आणि पोशाखांची चित्रं एवढ्यावरच भागवावं लागतं.

बोशांने १७०४ मध्ये तक्रार केली की ही लिपी माझी आहे, पोत्याने कागद पुढे ठेवले, साक्षीला मास्तर लोक उभे केले. पण परवाना फ्योयेच्या नावावर होता, त्यामुळे निकाल बोशांच्या विरुद्ध गेला आणि पुढच्याच वर्षी तो वारला. लिपीला आज दोघांचंही नाव लावतात.